अँगसची भटकंती : लाल दगड, धुरातले मासे आणि काही ओळखीची आडनावं

सोमवार : डंडी

एडिनबरोहून डंडीला रेल्वेने जाणार असाल तर लूकार्स स्टेशन गेल्यावर उजव्या हाताची खिडकी पकडा. गाडी टे नदीच्या रुंद मुखावरच्या पुलावर चढते. खाली पाण्यातून कापून टाकल्यासारखे बुटके दगडी बुंधे वर आलेले दिसतात, एका ओळीत, आपल्या पुलाला समांतर. हे पहिल्या पुलाचे खांब. तो पूल १८७८ साली सुरू झाला, पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली आणि तो बांधणाऱ्या थॉमस बाउचला 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी २८ डिसेंबरच्या संध्याकाळी वादळात पुलाचा मधला उंच भाग गाडीसकट नदीत कोसळला. गाडीतलं कोणीही वाचलं नाही. मेलेल्यांचा अंदाज पंचाहत्तरचा, नावानिशी नोंद ५९ जणांची. चौकशीत आराखडा, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींतले दोष निघाले, खापर बाउचवर फुटलं आणि तो वर्षभरात वारला. नदीतून काढलेलं इंजिन मात्र दुरुस्त होऊन पुढे बरीच वर्षं धावलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'द डायव्हर', म्हणजे पाणबुड्या. जुन्या पुलाच्या काही तुळयासुद्धा नव्या पुलाला वापरल्या. तो १८८७ साली सुरू झाला.

"मावशी, मी दर महिन्याला या पुलावरून जातो, एवढं तपशिलात नको सांगूस," भाचा म्हणाला. तो डंडीला कॉम्प्युटर गेम्स शिकतो. ऐकणाऱ्याला हे आधी थट्टेचं वाटतं, पण या विषयाची पदवी जगात सर्वांत आधी देणाऱ्यांत इथलं विद्यापीठ आहे, आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा खेळ याच गावात जन्मला.

आता थोडा भूगोल. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या उत्तरेला जो परगणा लागतो त्याचं जुनं सरकारी नाव फॉरफरशायर. १९२८ पासून कागदोपत्रीही अँगस. १९७५ साली कारभाराच्या सोयीसाठी परगणेच मोडले, पुढे अँगस पुन्हा उभा राहिला पण डंडी वेगळी काढली. इतिहासाच्या दृष्टीने मात्र डंडी या परगण्यातलीच, म्हणून सुरुवात तिथूनच.

डंडी तागावर मोठी झाली. बंगालचा ताग जहाजाने इथे यायचा. तो कडक असतो, यंत्रावर चढवण्याआधी मऊ करायला तेल लागतं. डंडी देवमाशांच्या शिकारीचं बंदर असल्यामुळे ते तेल घरचंच. 'व्हर्डंट वर्क्स' या जुन्या गिरणीचं आता संग्रहालय झालं आहे. तिथे छोट्या आकाराची यंत्रं चालवून दाखवतात. एकच माग सुरू झाला तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं की कामगार ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत. गिरण्यांत बायकाच जास्त, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. पुष्कळ पुरुष बेकार होऊन घर सांभाळत, त्यांना गावात 'केटल बॉइलर' म्हणत. लॉखी भागात कॉक्स बंधूंची कॅम्परडाउन गिरणी होती. तिची रंगीत विटांची २८२ फुटी चिमणी अजून उभी आहे. खाली आता घरं आणि दुकानं.

पुढे हुगळीच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या. यंत्रं डंडीची, मुकादमही पुष्कळदा डंडीचेच. एकोणिसावं शतक संपता संपता कलकत्त्याने डंडीला मागे टाकलं. आपल्याच माणसांनी आपलाच धंदा नेला, असा हा प्रकार. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटत नाही. फरक इतकाच की इथे निदान एक गिरणी धड सांभाळून ठेवली आहे.

नदीकाठी 'डिस्कव्हरी' जहाज आहे. स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेसाठी ते इथेच बांधलं आणि १९०१ मध्ये पाण्यात उतरवलं. देवमाशांची जहाजं बांधणाऱ्या गावालाच बर्फात टिकणारं लाकडी जहाज जमणार, हे सरळ आहे. शेजारी व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाची केंगो कुमाने केलेली इमारत, २०१८ ची. बाहेरून भव्य, आत पाहण्यासारखं त्या मानाने कमी. माझं मत, भांडू नका.

त्यापेक्षा मला इथे पॅट्रिक गेडीस शोधायचा होता. हा डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. १९१९ साली तो उठला आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढायला आला. मालवणचे गो. स. घुर्ये त्याचेच विद्यार्थी आणि नंतर त्याच विभागाचे प्रमुख. झाडांचा अभ्यास करता करता हा माणूस शहरांकडे वळला, आणि शहर समजून घ्यायचं तर आधी त्यात पायी हिंडा असं सांगू लागला. भाच्याला मी हे सांगितल्यावर त्याने बसचा पास खिशात ठेवला आणि मला लॉ टेकडी चालत चढायला लावली.

मंगळवार : आर्ब्रोथ

डंडीहून वीसेक मिनिटांचा रेल्वेप्रवास, बहुतेक समुद्राला लागून. वाटेत कार्नूस्टीचं गोल्फ मैदान लागतं. १९९९ च्या ओपन स्पर्धेत ज्याँ व्हान द वेल्ड हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या भोकाशी सहा फटक्यांत पोचला असता तरी जिंकला होता. त्याने सात घेतले. मधेच पँट गुडघ्यापर्यंत वर करून ओढ्यात उतरला तो क्षण गोल्फवाले अजून विसरलेले नाहीत. मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण तो ओढा पाहून घेतला.

आर्ब्रोथमध्ये उतरलं की पहिल्यांदा जाणवतो तो रंग. मठ लाल, घरं लाल, बंदराची भिंत लाल, पलीकडचे कडेही लाल. सगळा एकच वालुकाश्म. मठ विल्यम द लायन या राजाने ११७८ मध्ये स्थापला आणि तो अर्पण केला कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याला. बेकेटचा खून होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. इंग्लंडच्या ज्या दुसऱ्या हेन्रीच्या माणसांनी तो खून केला, त्याच हेन्रीच्या कैदेत विल्यम राहून आलेला होता. तेव्हा ही भक्ती होती की टोमणा, हे ज्याने त्याने ठरवावं. १२१४ मध्ये विल्यमला इथेच पुरलं.

मठाचं छप्पर गेलं आहे. दक्षिणेकडच्या उभ्या भिंतीत वर एक मोठी गोल खिडकी आहे, लोक तिला 'राउंड ओ' म्हणतात. खलाशांना किनारा कळावा म्हणून तिथे दिवा ठेवत, आणि त्यावरून आर्ब्रोथकरांना 'रेड लिक्टी' म्हणतात, म्हणजे लाल दिव्यावाले. त्या खिडकीखाली उभं राहून वर पाहिलं तर दगडाचा पृष्ठभाग वाऱ्या-पावसाने असा झिजला आहे की कोरीव कामाच्या कडा बोटाने घासल्या तर वाळू हाताला लागते. घासू नये, तसा फलक आहे. माझ्या आधी कोणीतरी घासलं होतं, एवढंच सांगते.

या मठाचं नाव स्कॉटलंडमध्ये शाळकरी पोरालाही माहीत असतं ते एका पत्रामुळे. ६ एप्रिल १३२० ही त्यावरची तारीख. इंग्लंडशी लढाई चालू, रॉबर्ट ब्रूस राजा पण पोपने त्याला वाळीत टाकलेला. अशा वेळी ३९ सरदारांच्या नावाने पोप बाविसावा जॉन याला लॅटिनमध्ये पत्र गेलं. आमच्यातले शंभरजण जरी जिवंत उरले तरी आम्ही इंग्रजांच्या सत्तेखाली जाणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे वाक्य टी-शर्टावर छापून मिळतं. पण पत्रातला खरा धीट भाग त्याच्या जरा आधी येतो: ब्रूसने स्वतःच इंग्लंडपुढे मान तुकवली तर त्यालाही हाकलून आम्ही दुसरा राजा नेमू. राजाच्या बाजूने लिहिलेल्या पत्रात राजालाच दम. सरदारांना हे सुचलं की लिहून देणाऱ्याला, यावर विद्वानांचे वाद आहेत. मठाचा प्रमुख बर्नार्ड त्या वेळी राजाचा चॅन्सेलर, म्हणजे राजपत्रांचा कारभारी होता. मूळ प्रत एडिनबरोच्या दप्तरखान्यात आहे, इथे नक्कल.

आणखी एक कथा याच जागेची. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाची शिळा पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये इंग्लंडला नेली होती. १९५० च्या नाताळच्या पहाटे चार विद्यार्थ्यांनी ती वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवली. सगळा देश शोधत असताना पुढच्या एप्रिलमध्ये ती सापडली ती आर्ब्रोथच्या या मोडक्या मठात, जिथे मुख्य वेदी होती त्या जागी ठेवलेली. पत्र जिथून गेलं तिथेच नेऊन ठेवायची, हे त्या पोरांना बरोबर सुचलं.

दुपारी बंदरावर. इथला 'स्मोकी' म्हणजे धुरावर शिजवलेला हॅडॉक मासा. तोंड कापून साफ केलेले मासे मिठात ठेवतात, मग शेपटीपाशी सुतळीने दोन-दोनच्या जोड्या बांधून काठीवर टांगतात. खाली पिंपात बीच किंवा ओकचं लाकूड पेटवतात, आणि वरून झाकायला ओलं गोणपाट. आच कमी-जास्त करायची तर गोणपाटाचे थर कमी-जास्त करतात. आदल्या दिवशी तागाच्या गिरणीत घालवलेले दोन तास असे कामी आले. मासा कागदात मिळतो, गरम. कातडी तांबूस सोनेरी, कणा ओढला की एका झटक्यात निघतो, आत पांढरंशुभ्र ओलसर मांस. नारळाच्या शेंडीवर भाजलेला बांगडा ज्यांनी खाल्लाय त्यांना तो धूर ओळखीचा वाटेल. मसाला शून्य, तरी काही कमी वाटलं नाही. २००४ पासून नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत केलेला असेल तरच तो 'आर्ब्रोथ स्मोकी'.

मग सिग्नल टॉवर. किनाऱ्यापासून अठरा किलोमीटरवर समुद्रात 'बेल रॉक' नावाचा खडक आहे. भरतीला तो पूर्ण पाण्याखाली जातो, आणि जहाजं फुटण्याचं कारण नेमकं तेच. मठातल्या कोणा प्रमुखाने त्यावर घंटा बांधली होती आणि एका चाच्याने ती तोडली, नंतर तोच तिथे बुडाला, अशी दंतकथा आहे. १८०४ मध्ये 'यॉर्क' ही युद्धनौका या समुद्रात सगळ्या माणसांसकट बुडाली आणि सरकार हललं. १८०७ ला खडकावर दीपस्तंभाचं काम सुरू झालं. जॉन रेनी मुख्य अभियंता, पण खडकावर राबला रॉबर्ट स्टीव्हन्सन. ओहोटीला सुरुवातीला दोन तास मिळाले तरी पुष्कळ. दगड आर्ब्रोथच्या आवारात घडवायचे, प्रत्येक थर आधी जमिनीवर जुळवून पाहायचा, मग नावेने न्यायचा. दगड एकमेकांत खाचांनी असे अडकवले आहेत की एकटा निघूच शकत नाही. १ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला. चहूबाजूंनी लाटांचा मार खात उभा असलेला जगातला सर्वांत जुना दीपस्तंभ हाच.

पहिल्याच हंगामातला एक प्रसंग तिथे वाचला. सप्टेंबर १८०७. खडकावर ३२ माणसं, भरती चढू लागलेली, आणि त्यांचं जहाज दोर सुटून वाहत गेलेलं. उरलेल्या दोन होड्यांत कशीबशी २४ माणसं मावतील. कामगारांनी हत्यारं खाली ठेवली, एकेक येऊन स्टीव्हन्सनभोवती उभा राहिला, कोणी काही बोलेना. तो बोलायला गेला तर त्याचं तोंड इतकं कोरडं पडलेलं की शब्द फुटेना. खडकाच्या खळग्यातलं खारं पाणी त्याने तोंडात घेतलं, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, होडी! जेम्स स्पिंक नावाचा वाटाड्या आर्ब्रोथहून टपाल घेऊन येत होता. पत्रांनी वाचलेली ती ३२ माणसं. स्पिंक हे आडनाव आर्ब्रोथमध्ये अजून भेटतं.

सिग्नल टॉवर १८१३ चा. इथल्या गच्चीवरून आणि दीपस्तंभावरून रोज तांब्याचा गोळा वर चढवून 'सगळं ठीक' कळवायचं. दीपस्तंभावरच्या माणसाची बायको इकडे बाळंत झाली तर मुलगा असल्यास विजार फडकवायची, मुलगी असल्यास परकर. ही पद्धत मला मोबाइलपेक्षा आवडली.

जाता जाता फुटबॉल. १२ सप्टेंबर १८८५ ला इथल्या संघाने ॲबर्डीनच्या बॉन ॲकॉर्डला ३६-० असं हरवलं. आर्ब्रोथच्या गोलरक्षकाला चेंडूला हात लावायची वेळ आली नाही, तो प्रेक्षकाची छत्री घेऊन पावसात उभा होता असं सांगतात. हद्द म्हणजे त्याच दिवशी डंडीच्या एका संघाने ३५-० असा विजय मिळवला, म्हणजे विक्रम करून ते दुसरे आले.

बुधवार : कडे आणि ऑखमिथी

दिवसभर पाऊस. तरीही सीटन कड्यांवरून चालत निघालो. 'डील्स हेड' म्हणजे सैतानाचं डोकं नावाचा सुटा सुळका, 'नीडल्स ई' हे खडकातलं भोक, आणि खाली गुहा, ज्यांतून एकेकाळी चोरटी दारू उतरायची. ऑखमिथी हे कड्यावर टांगलेलं छोटं कोळीवाडं. स्मोकी मूळचा इथला, आर्ब्रोथला गेलेल्या कोळ्यांनी तो तिकडे नेला. खाली उतरायची वाट घसरडी होती, अर्ध्यावरून परत फिरलो. ल्युनन बेची लांब पुळण आणि तिच्यावरचा पडका रेड कॅसल बसच्या ओल्या काचेतून पाहिला. पुन्हा कधी उन्हात.

गुरुवार : आतल्या अंगाला

आज भाड्याची गाडी, चालवायला भाचा. ग्लाम्झ किल्ला आधी उरकला. ब्रिटनच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईचं माहेर हे, आणि राजकन्या मार्गारेटचा जन्मही इथलाच, १९३० चा. टूरच्या बसगाड्या याच एका जागी थांबतात. मॅकबेथला शेक्सपिअरच्या नाटकात 'ग्लाम्झचा ठाणेदार' म्हटलं आहे, त्या जोरावर एक दालन दाखवतात. खऱ्या मॅकबेथचा या वास्तूशी संबंध नाही. खरं म्हणजे जॅनेट डग्लस या इथल्या मालकिणीची गोष्ट पुरेशी भयंकर आहे. पाचव्या जेम्स राजाला डग्लस घराण्याचा सूड घ्यायचा होता, म्हणून विषप्रयोगाचा आळ घेऊन तिला १५३७ मध्ये एडिनबरोला जिवंत जाळलं. मार्गदर्शक मात्र भुतांवर जास्त बोलला.

किरीम्यूर हे लाल दगडाचं आखूड गल्ल्यांचं गाव, 'पीटर पॅन' लिहिणाऱ्या जे. एम. बॅरीचं. बाप हातमागावरचा विणकर, पोरं दहा. धुण्याच्या खोलीत लहानपणी त्याने नाटकं केली ती खोली अजून आहे. वेस्टमिन्स्टरऐवजी तो इथल्या टेकडीवर आईवडिलांशेजारी पुरला गेला. गंमत म्हणजे एसी/डीसी या रॉक बँडच्या बॉन स्कॉटचं बालपणही याच गावातलं आणि त्याचा पुतळाही आहे. भाच्याने फोटो कोणाबरोबर काढला ते सांगायला नको.

जेवण फॉरफरमध्ये. परगण्याचं जुनं मुख्य ठाणं, आता शांत बाजारगाव. इथली 'ब्राइडी' म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची करंजीसारखी दुमडलेली, आत गोमांसाचा खिमा. वर एक भोक असेल तर बिनकांद्याची, दोन असतील तर कांद्याची. मी खात नाही, भाच्याने दोन भोकांची खाल्ली आणि तिसऱ्या भोकाची शक्यता विचारून बेकरीवाल्या बाईंना हसवलं.

पण हा दिवस ॲबरलेम्नोचा. फॉरफर-ब्रीकिन रस्त्यावरची वस्ती, चार घरं आणि एक चर्च. रस्त्याच्या कडेला कुंपणापलीकडे पिक्ट, म्हणजे या भागातल्या प्राचीन लोकांच्या शिळा उभ्या आहेत, तिकीट नाही, दरवाजा नाही. हिवाळ्यात दगड फुटू नयेत म्हणून त्यांना लाकडी खोकी घालतात. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो म्हणून मिळाल्या. एका शिळेवर साप, दुहेरी चकती, त्यावरून आडवी गेलेली मोडक्या काठीसारखी रेघ, खाली आरसा आणि फणी. या खुणांचा अर्थ आजवर कोणाला लागलेला नाही. पिक्ट लोक हजारेक वर्षांपूर्वी स्कॉट लोकांत मिसळून गेले आणि आपली भाषा बरोबर घेऊन गेले.

चर्चच्या आवारातली शिळा मात्र वाचता येते. पुढे वेलबुट्टीत गुंफलेला क्रूस, मागे लढाई. तीन रांगा आहेत. मधली रांग मी जवळून पाहिली: तीन पायदळी एकामागे एक, समोरून घोडेस्वार येतोय. पहिल्याच्या हातात तलवार आणि ढाल. दुसऱ्याने लांब भाला दोन्ही हातांनी धरलाय, इतका लांब की तो पहिल्याच्या पुढे निघालाय. तिसरा भाला उभा धरून राखीव. म्हणजे कोरणाऱ्याला नुसते शूर पुरुष काढायचे नव्हते, कवायत दाखवायची होती. उजवीकडे खाली कोपऱ्यात शिरस्त्राणवाला एकजण मागे कोसळतोय आणि एक पक्षी त्याच्या चेहऱ्याला टोचतोय. नाकावर पट्टी असलेली शिरस्त्राणं फक्त एका पक्षाच्या डोक्यावर आहेत. त्यावरून पुष्कळांनी म्हटलं की ही २० मे ६८५ ची लढाई, ज्यात पिक्टांचा राजा ब्रिडेई याने दक्षिणेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्याच्या एग्फ्रिथ राजाला मारलं. कोसळणारा तो एग्फ्रिथ. लढाई इथे जवळ डनिकनला झाली असं पूर्वी सगळेच मानत. आता काही अभ्यासक तिला दूर उत्तरेला नेतात. ॲबरलेम्नोकरांचा अर्थातच त्याला विरोध असणार. शेजारी थडग्यांवर ताजी फुलं होती. शिळेला मान वगैरे देण्याच्या फंदात न पडता एक आजोबा तिच्याजवळच्या बाकावर कुत्र्याला घेऊन बसले होते.

शुक्रवार : ब्रीकिन आणि मॉन्ट्रोज

ब्रीकिनला कॅथीड्रलला चिकटून आयरिश पद्धतीचा उंच गोल मनोरा आहे, हजारेक वर्षांचा. असे मनोरे अख्ख्या स्कॉटलंडमध्ये दोनच. दार जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. गावात रॉबर्ट वॉटसन-वॉटचा पुतळा आहे, रडारचा जनक, जन्म इथला १८९२ चा. म्हातारपणी कॅनडात वेगाने गाडी चालवताना पोलिसांच्या रडारनेच त्याला पकडलं होतं. नदीकाठच्या गल्लीत ऑक्टोबर २०२३ च्या बॅबेट वादळातल्या पुराच्या खुणा आम्ही गेलो तेव्हा दिसत होत्या, काही घरं बंद होती.

ब्रीकिन कॅसल हे डलहौसी उमरावांचं जुनं घर. हे नाव वाचून मी थबकलेच. औरस वारस नाही, दत्तक नामंजूर, म्हणून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा करणारा गव्हर्नर जनरल डलहौसी यातलाच. तो स्वतः ब्रीकिनचा नव्हे, त्याचं घर एडिनबरोजवळ. पण १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याला मुली दोन, मुलगा नाही. मार्क्विस ही पदवी तिथेच संपली आणि अर्लपद गेलं ब्रीकिनच्या चुलतभावाकडे. चुलतभावाचा वारसा मात्र कोणी नामंजूर केला नाही.

मॉन्ट्रोजच्या रुंद हमरस्त्यावर घरांची कडेची त्रिकोणी भिंत रस्त्याकडे, म्हणून गावकऱ्यांना 'गेबल-एंडी' म्हणतात. रस्त्यावर जोसेफ ह्यूमचा पुतळा. जन्म इथला, १७७७ चा. डॉक्टर होऊन कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, भाषा शिकला, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात फौजेबरोबर होता. ओली झालेली बंदुकीची दारू वाळवून वापरण्याजोगी करायची युक्ती त्याने दाखवली, आणि ती दारू आपल्याच लोकांवर उडाली. गबर होऊन १८०८ मध्ये परतला आणि पार्लमेंटात सरकारच्या पैपैचा हिशेब मागणारा म्हणून गाजला. त्याचा मुलगा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला. पहिलं अधिवेशन पुण्याला ठरलं होतं, पटकीची साथ आली म्हणून १८८५ च्या डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. ७२ प्रतिनिधी. बापाने मराठ्यांशी लढाईत हातभार लावला, मुलाने इंग्रजांना डोकेदुखी.

हाच मुलगा पक्ष्यांचाही वेडा. त्याने ब्रिटिश म्युझियमला दिलेला संग्रह ऐंशी हजारांच्या आसपासचा. त्यामुळे दुपारी मॉन्ट्रोज बेसिनला जाणं भागच होतं. साउथ एस्क नदीचं हे खाजण ओहोटीला जवळजवळ कोरडं पडतं. सप्टेंबरपासून आइसलँड आणि ग्रीनलँडहून गुलाबी पायांचे हंस-बदक हजारोंनी इथे उतरतात. काचेमागे दुर्बिणी लावलेल्या आहेत. संध्याकाळी ते शेतांतून परत येऊ लागले तेव्हा आधी आवाज आला, मग एकामागे एक वेड्यावाकड्या रांगा. शेजारच्या बाई वहीत आकडे टिपत होत्या. एका रांगेत किती हे त्यांना कसं कळतं विचारलं तर म्हणाल्या, दहा मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात धरायची आणि ती रांगेवर सरकवत न्यायची. मी करून पाहिलं, भाच्याच्या आणि माझ्या आकड्यात चारशेचा फरक पडला.

शनिवार : एडझेल आणि पूल

एडझेलच्या पडक्या वाड्यात सर डेव्हिड लिंडसीने १६०४ मध्ये करवून घेतलेली बाग आहे. भिंतींवर ग्रहदेवता, विद्या आणि सद्गुण यांची शिल्पं. हौस भागली आणि कर्ज राहिलं, सहा वर्षांत तो कर्जातच वारला. काटकसर या गुणाची पाटी भिंतीवर आहे का, हे मी शोधलं. नाही.

शेवटचं ठिकाण नॉर्थवॉटर ब्रिज. पाहण्यासारखं काही नाही, नॉर्थ एस्क नदीवरचा पूल, जवळून धडाडून जाणारा हमरस्ता. जेम्स मिल १७७३ मध्ये इथे जन्मला, चांभाराचा मुलगा. मॉन्ट्रोजला शिकला, तिथे ह्यूमही होता. १८१७ मध्ये त्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला. हिंदू काळ, मुसलमानी काळ, ब्रिटिश काळ ही जी तीन फडताळं आपल्या शाळेच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं राहिली, ती बरीचशी याचीच. कंपनीत नोकरीला येणाऱ्या पोरांना तो ग्रंथ वाचायला लावत. आणि गंमत ही की मिल हिंदुस्थानात कधी आलाच नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. उलट प्रस्तावनेत त्याने ठासून लिहिलं की हिंदुस्थानात आयुष्य काढून डोळ्यांनी-कानांनी जे कळेल त्याहून जास्त इंग्लंडमधल्या खोलीत वर्षभर बसून कळतं.

"म्हणजे आपण पेट्रोल उगाच जाळलं," भाचा म्हणाला. त्याला भूक लागली होती. पुलापलीकडे किंकार्डिनशायर सुरू होतं आणि तासाभराच्या आत स्टोनहेवन, जिथे चॉकलेटचा मार्स बार पिठात बुडवून तळून देतात. तो खायचा की नाही यावरचा वाद पुलावर सुरू झाला तो स्टोनहेवनच्या दुकानाच्या रांगेत मी हरले तेव्हा मिटला.